अपघाताची तारीख

रकाना सात: अपघाताची तारीख.
इथं सगळ्यांचं पेन थांबतं.
बोट तुटलं असतं तर तारीख असती,
वेळही असती, दुसरी पाळी, साडेपाच,
आणि रुमालात गुंडाळलेला पुरावा.

शिदगोंडा मगदूम, राहणार रुकडी,
शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंगला सव्वीस वर्षं,
युनियन ऑफिसचे दोन जिने चढून
माझ्या टेबलासमोर बसलाय, नुसताच.
मी तांब्या पुढं सरकवते.
तो हातानंच सांगतो, थांबा बाई,
आधी दम येऊ दे, मग पाणी.

कायद्याला हे ठाऊक आहे, बरं का.
कायदा म्हणतो, छातीत साचलेल्या धुळीला
तारीख नसते, म्हणून आपण एक मानू या:
कामगार ज्या दिवसापासून सलग गैरहजर राहिला
त्यातला पहिला दिवस
हाच अपघाताचा दिवस समजावा.

कुणी लिहिलं असेल हे वाक्य?
मला तो माणूस आवडतो.
वाळू एकदम कोसळत नाही अंगावर
एवढं तरी त्याला कळलं होतं.
फक्त त्याला शिदगोंडा माहीत नव्हता.

‘गैरहजर?’ तो हसतो, आणि हसण्याचा खोकला होतो.
‘खाडा केला तर पगार कोण देणार, बाई?
ताप होता, गेलो. रगात पडलं, तरी गेलो.
रगात रुमालात, रुमाल खिशात, मी ग्राइंडरवर.
एक दिवस मात्र गेटातनं आत आलो,
तिथनं माझ्या मशीनपतोर चाळीस पावलं,
एकोणीस झाली आन् बसलो वाळूच्या ढिगावर.
पाळी सुटंपतोर बसूनच.
ठेकेदारानं हजेरी लावली, चांगला माणूस.
आता तुमीच सांगा,
मी आत हुतो. म्हंजे हजर का गैरहजर?’

हजर, मस्टर म्हणतं.
तेही एका मस्टरवर शिदगोंडा, दुसऱ्यावर शिवगोंडा,
तिसऱ्यावर नुसताच मगदूम एस.
दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलला
आणि नव्या ठेकेदाराला जसं ऐकू आलं तसं नाव.
सव्वीस वर्षं तीन माणसांत वाटली गेली,
कुणाच्याच वाट्याला पुरेशी धूळ आली नाही.

साडीच्या दुकानाच्या पिशवीतून तो एक्स-रे काढतो.
मी खिडकीला लावून धरते.
त्याच्या फुप्फुसातून शाहूपुरी दिसते:
गुळाच्या ढेपा उतरवणारा एक हमाल,
पाठीवर पोतं, तोंडात शीळ.
शीळ आहे की नाही ते इथून ऐकू येत नाही,
पण ओठ तसे आहेत.

‘तारीख मला इचारा,’ आक्काताई म्हणते.
इतका वेळ दाराशी चपलांजवळ बसली होती.
‘म्हारकी बेंदराच्या आदल्या दिवशी.
बैलाचं एक शिंग रंगवलं ह्येंनी,
दुसऱ्याला वाकलं आन् तसंच ऱ्हायलं, भितीला धरून.
मी ब्रश घेटला नाही.
बैल तसाच मिरवला, एक शिंग लाल, एक काळं.
लोक हसली.’
जरा थांबून: ‘त्येच्यानंतर बी नऊ दिस गेलं की कामाला.’

नऊ दिवस. हजर, हजर, हजर.

साहेब म्हणतील, मॅडम, हे कुठल्या कलमात बसतं?
अर्ज परत येईल, मला माहीत आहे,
दिनांक, महिना, वर्ष अशा क्रमाने भरावा,
असा लाल शेरा मारून.
तरी मी पेन्सिलीनं लिहिते: बेंदराच्या आदला दिवस.
खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.
आज तरी तिथंच असू दे.

ते दोघं उतरायला लागतात.
पहिल्या वळणावर पावलं थांबतात.
मी वाट बघते.
मग पुन्हा वाजतात, आधी तिची.

रकाना आठ: अपघात कसा घडला,
थोडक्यात लिहा.
खाली दोन ओळींची जागा.